माप

मुहर्रकच्या बाजारात, हलव्याच्या दुकानाला लागून
आमचं शिलाईचं दुकान.
वरून विमानं इतकी खाली जातात
की डबीतल्या टाचण्या थरथरतात.
मी बार्शीचा. अकरा वर्षं झाली, इथल्या लोकांची मापं घेतोय.

माप घ्यायचं तर मोठ्यानं बोलायचं.
खांदा साडेसतरा, बाही तेवीस, उंची अठ्ठावन्न.
मी बोलतो, कोपऱ्यातून सलीमुल्ला लिहितो.
तोंडाला सवयच तशी,
आकडा दिसला की बाहेर पडतो.

म्हणून त्या दुपारी,
शटर अर्धं खाली, मी कापडाच्या गठ्ठ्यावर आडवा,
फोन वाजला आणि कुणी अदबीनं म्हणालं,
तुमचं कार्ड आजपासून बंद होतंय. चालू ठेवायचं ना?
आत्ता मेसेज आला असेल, तेवढे सहा आकडे वाचा.
मी उठून बसलो. चष्मा लावला.
गिऱ्हाइकाची बाही सांगावी तसे
सहाच्या सहा आकडे सांगितले
आणि वर विचारलं, लिहिलं का?

त्यानं लिहिलं होतं.

दोनशे चाळीस दिनार.
गावाकडच्या स्लॅबचं सिमेंट आणि सळई
एका दमात गेली.
बँकेतली मुलगी वाईट बोलली नाही.
एवढंच म्हणाली, अंकल, त्यातच लिहिलेलं असतं,
हे कुणालाही सांगू नका.
बघितलं तर खरंच होतं. आकड्यांच्या खालच्याच ओळीत.
मी आकड्यांपाशी थांबलो होतो.

सलीमुल्लानं काही विचारलं नाही.
रात्री उरलेल्या काळ्या तुकड्यातून
माझ्या फोनला एक पिशवी शिवून दिली,
काज मुद्दाम घट्ट.
म्हणाला, बटण निघेपर्यंत माणूस जरा विचार करतो.

मग रेवतीचा फोन. ती पुण्यात कॉम्प्युटर शिकते.
बाबा, आता आवाजसुद्धा शिवून मिळतो.
तुमचं दोन मिनिटांचं बोलणं सापडलं
की कुणीही तुमच्या मापाचा आवाज बेततो
आणि आईला फोन करतो, मी अडकलोय, पैसे पाठव.
मी हसलो. मग हसू थांबलं.
घरच्या ग्रुपवर मी रोज किती बोलतो,
वहिनीच्या मुंजीत तर माइकवर बोललो होतो.

तिघांत एक शब्द ठरवायचा होता.
पैशाची गोष्ट निघाली की आधी तो शब्द.
देवाचं नाव नको, रेवती म्हणाली, कुणीही ओळखेल.
कुत्र्याचं नको, त्याचे फोटो सगळीकडे आहेत.
बराच वेळ कुणाला सुचेना.
शेवटी हिनंच काढला,
लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतला,
मी एक झबलं उलटं बेतलं होतं तेव्हाचा.
वीस वर्षांनी तो ऐकून
फोनच्या दोन्ही टोकांना आम्ही खोकेपर्यंत हसलो.

जानेवारीत माझा घसा बसला.
इथला गार वारा अंगावर बसतो, काढता येत नाही.
पगार लांबला होता, तेच सांगायला फोन केला.
म्हटलं, या महिन्यात तूच कुठून तरी बघ.
पलीकडे गप्प.
मग अगदी परक्या बाईच्या सुरात,
शब्द?
अगं, मीच बोलतोय.
शब्द सांगा.

राग आला. खोटं कशाला बोलू.
अकरा वर्षं घर चालवतोय, आणि दारात ही चौकशी.
मग आरशात दिसलो,
गळ्यात टेप, एका हातात फोन,
दुसरा हात आपसूक लांब झालेला,
आमच्यासमोर गिऱ्हाईक उभं राहतं तसा.
माप देणाऱ्यानं हलायचं नसतं.

बसक्या आवाजात, पण मोठ्यानं,
मी तो शब्द सांगितला.

हं, ती म्हणाली. बोला आता. काढा घेतला का?

कोपऱ्यातून सलीमुल्लानं सवयीनं पेन्सिल उचलली.
लिहू?

नको, म्हटलं. हे नाही लिहायचं.